कोसमगुड्याबद्दलचं माझं एक वाक्य

निरंजना, उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलं होतंस, "आजी, बनावट म्हणजे काय?" ऑनलाइन ज्ञानकोशातल्या तुझ्या खात्यावरून काही लिहायला गेलीस की एक पाटी समोर येत होती : बनावट खाते, बंदी घातली आहे. मी म्हणाले, "काही नाही गं, तांत्रिक अडचण आहे." जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ शिकवून निवृत्त झालेल्या बाईनं नातीला एका शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला, आणि खरा अर्थ ठाऊक असून सांगितला. तुझ्यामागे तुझा भाऊ आनंद काहीतरी खात उभा होता. तो म्हणाला, "आजी दुरुस्त करेल." मी "हो" म्हटलं आणि तुमच्याकडे बर्फ वितळला का ते विचारलं.

ती दुरुस्ती मी इथे करते आहे. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'निवृत्तीनंतरची सेवा' या विषयावर लेख मागितला होता. त्यातला 'सेवा' हा शब्द मी त्यांना परत केला. तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता, म्हणून साधं लिहिते.

आधी हे काम काय असतं ते सांगायला हवं. भद्रावतीच्या आमच्या कॉलनीत अजून पुष्कळ जणींना वाटतं की मी घरबसल्या कुठल्यातरी कंपनीचं टायपिंग करते. तसं नाही. या ज्ञानकोशात कोणीही लिहू शकतं. पगार नाही, लेखाखाली नाव नाही. एकजण एक ओळ लिहितो, दुसरा तिला संदर्भ जोडतो, तिसरी तिच्यातली वेलांटी सरळ करते. प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चापान असतं, तिथे आम्ही भांडतो. कोणी कधी काय लिहिलं, काय खोडलं, तेही सगळं साठवलेलं असतं आणि कोणालाही पाहता येतं. सगळ्यात मोठा नियम असा की तुम्हाला काय ठाऊक आहे याला इथे किंमत नाही, ते कुठे छापून आलं आहे का ते सांगा. माझ्या अंगणात गारा पडल्या तरी त्या कुठे छापून येईपर्यंत मला तिथे लिहिता येत नाहीत.

आमच्यात 'अनुस्वार' नावानं लिहिणारी एक बाई आहे. ती पुण्याची असावी. तिनं आजवर एकही लेख स्वतः लिहिलेला नाही, पण तिच्या हाताखालून गेला नाही असा लेखही नाही. दुसरे 'सिग्नल'. बल्लारपूरला रेल्वेत नोकरी करणारे देवगडे. ते नवे होते तेव्हा मी त्यांना काम शिकवलं, म्हणून मला 'बाई' म्हणतात. पुढे ते प्रचालक झाले, म्हणजे भांडणं सोडवणारे आणि गरज पडली तर खात्यांवर बंदी घालणारे. आम्ही रोज एकमेकांचं लिखाण तपासायचो, पण तोवर एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

गिऱ्हाइकंही एकेक मिळाली. वाघावरच्या लेखात कोणा विद्यार्थ्यानं 'आणि आमचे पीटीचे सर' असं घातलं होतं. ते काढताना मला जरा वाईटच वाटलं. भद्रावतीतलेच एक गृहस्थ दर दसऱ्याला 'शहरातील प्रसिद्ध व्यक्ती' या यादीत स्वतःचं नाव घालायचे आणि मी ते काढायची. एकदा भाजीबाजारात त्यांनीच मला गाठलं. "म्याडम, तुमी कम्पुटरवर रायता मनते. माहं नाव थे कोण काढून रायलं, काही पत्ता लागते का?" मी वांगी निवडत म्हणाले, "नाही हो, काय कल्पना." त्या दिवशी घरी येऊन मी खूप हसले होते. खोटं सहज बोलायची सवय मला तिथेच लागली असेल.

नव्या लोकांसाठी मी नियमांचं एक पान लिहिलं होतं. त्यातले दोन नियम मला फार आवडायचे, कारण ते थोडक्यात होते. संदर्भ असलेला मजकूर काढू नये. एका माणसाचं खातं एकच असावं. देवगडे ते पान छापून डब्याच्या पिशवीत ठेवतात असं त्यांनी एकदा लिहिलं होतं, तेव्हा मी दिवसभर खुशीत होते.

मग मी धानोरा तालुक्यातल्या गावांचे लेख हाती घेतले. जंगलातली लहान गावं, कोणावरच कधी कुठे दोन ओळी नव्हत्या. प्रत्येक लेखाला मी एकच साचा लावला : स्थान, लोकसंख्या, इतिहास, लोकजीवन. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मसाल्याच्या डब्यातली एक वाटी रिकामी असली तर मला जेवण जात नाही.

तुमच्या आजोबांचे एक मित्र धानोऱ्याला असतात. त्यांच्याकडे गेलो असताना आम्ही गाडी काढून कोसमगुड्याला गेलो. फोटो हवे होते. तिथे रैनाबाई भेटल्या, गावाच्या ग्रामसभेच्या अध्यक्ष, पन्नाशीच्या आसपासच्या. त्यांनी अंगणात बाज टाकली, पाणी दिलं, कोरा चहा दिला. मी त्यांच्या घराचे, तलावाचे, मोहाच्या झाडांचे फोटो काढले. घरं किती, शाळा कितवीपर्यंत, बस कुठवर येते, सगळं विचारलं. निघताना म्हणाले, "आता तुमचं गाव जगाला दिसेल." त्यांनी माझा फोन नंबर घेतला. गाव कधीचं आहे, हे मात्र मी विचारलं नाही. त्यांनी तोंडी सांगितलेलं तसंही चाललं नसतं, छापील हवं ना.

घरी येऊन लेख लिहिला. स्थान झालं, लोकसंख्या झाली, लोकजीवन झालं. 'इतिहास' या शीर्षकाखाली काहीच नव्हतं. पांढरी जागा. दोनतीन दिवस ती माझ्या डोळ्यांत खुपली. शेवटी मी लिहिलं : 'तलावाच्या बांधकामाच्या वेळी बाहेरून आलेल्या कुटुंबांनी हे गाव वसवले.' इतर एकदोन गावांबद्दल तसं वाचलं होतं, इथेही तलाव आहे, तर इथेही तसंच झालं असेल. संदर्भ नंतर शोधू असं मनाशी म्हटलं. लेख कसा भरलेला दिसू लागला. मी पुढच्या गावाकडे वळले.

या वाक्याचा पुढचा प्रवास आमच्याच धंद्यात होऊ शकतो. एका छोट्या वर्तमानपत्राच्या पुरवणीनं माझा परिच्छेद जसाच्या तसा उचलून छापला. कुठून घेतला ते सांगितलं नाही. काही दिवसांनी देवगडेंना ज्ञानकोशात दिसलं की बाईंच्या वाक्याला संदर्भ नाही. त्यांनी इमानदारीनं शोधला, त्यांना ती पुरवणी सापडली आणि त्यांनी ती तळटीप म्हणून जोडली. माझा अंदाज गावभर फिरून, अंगावर छापील कपडे घालून माझ्याच दारात परत आला. मी तळटीप पाहिली आणि मला हायसं वाटलं. चला, खरं निघालं! परिच्छेद माझाच आहे हे तेव्हा डोळ्यांसमोर असून मी पाहिलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी मोह वेचायच्या दिवसांत रैनाबाईंचा फोन आला.

"म्याडम, वळखलं का? कोसमगुड्याची रैना. तुमी कोऱ्या चायवाल्या."

मी ओळखलं. त्या म्हणाल्या, "आमच्या डोंगरीचं लफडं होऊन रायलं जी. जांभळटोलावाल्यायनं हरकत टाकली. आमच्या गावाचं इंटरनेटवर लिवून हाय मनते, का आमी बाहेरून आलो मनून. थे पान काढून तालुक्याले देलं."

प्रकरण असं होतं. या भागात ग्रामसभांना आपल्या जंगलावर हक्क मिळतो. तेंदूपान, बांबू, हिरडा गावानं गोळा करायचा आणि गावानं विकायचा. त्यासाठी शेजारच्या गावांना हद्द कबूल करावी लागते. कोसमगुडा आणि जांभळटोला यांच्या मधोमध एक डोंगरी आहे. ती कोसमगुड्याच्या वाट्याची, असंच सगळे धरून चालले होते. आता जांभळटोल्यानं म्हटलं, हे गाव आमच्यानंतर वसलं, तर डोंगरी आमची. आणि तालुक्यानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत डोंगरीवरचं पान कोणीही तोडायचं नाही. तेंदूचा हंगाम तोंडावर आला होता.

"तुमाले इंग्रजी येते, कम्पुटर येते," रैनाबाई म्हणाल्या. "कोण लिवलं थे पाहा न जी. थ्याले सांगा, बापा, काढून टाक. आमी काही वाईट केलं नाई कोणाचं."

मी म्हणाले, "कोणीतरी लिहिलं असेल. बघते हं मी."

त्याच वेळी सांगितलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

मी बसले आणि ते वाक्य गुपचूप काढलं. बदलाचं कारण लिहावं लागतं, तिथे लिहिलं 'किरकोळ साफसफाई'. तासाभरात देवगडेंनी वाक्य परत घातलं. त्यांनी कारण लिहिलं होतं : 'संदर्भ असलेला मजकूर काढू नये.' माझा नियम, माझ्याच शब्दांत.

मी चर्चापानावर गेले. संदर्भ पुरेसा विश्वासार्ह वाटत नाही, असं मोघम लिहिलं. वाक्य हा माझा अंदाज आहे आणि पुरवणीनं तोच उतरवला आहे एवढं लिहिलं असतं तर एका ओळीत काम झालं असतं. मी भाषेचं सगळं कौशल्य ती एक ओळ टाळण्यात खर्च केलं. 'अनुस्वार'नं माझ्या मजकुरातले दोन अनुस्वार दुरुस्त केले आणि लिहिलं की संदर्भ आहे तर मजकूर राहू द्यावा. दोघं एकीकडे, मी एकटी. जंगलात कोवळी पानं फुटत होती.

मग, निरंजना, मला तुझं खातं आठवलं. तू इथे आली होतीस तेव्हा आपण दोघींनी ते उघडलं होतं आणि लुगड्यावर वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा तुझा फोटो मोहावरच्या लेखात लावला होता. तो अजून तिथे आहे. तू शाळेत सगळ्यांना दाखवला होतास. तुझा पासवर्ड माझ्या संगणकात साठलेला होता. मी तुझ्या खात्यानं आत शिरले आणि लिहिलं : 'मी सहमत आहे. हे वाक्य काढावे. निरंजना.' माझं म्हणणं मीच उचलून धरलं, तुझ्या तोंडानं.

दोन्ही खाती एकाच ठिकाणाहून चालतात हे तपासणाऱ्यांना दिसतं. देवगडेंचा फोन आला. आमचं फोनवर ते पहिलंच बोलणं. आवाज मोठा, मागे गाडीची घोषणा चाललेली.

"बाई, एक विचारू का? थे निरंजना कोण व्हय?"

"माझी नात."

"कुठी रायते?"

"कॅनडात."

"कॅनडाची पोरगी भद्रावतीच्या इंटरनेटवरून लिवून रायली का बाई?"

मी समोरचा संगणक बंद केला.

"दोन्ही खात्यांवर बंदी टाका लागते. तुमच्यावर थोड्या दिसाची, पोरीच्या खात्यावर कायमची. राग नोका मानू. तुमच्याच पानावरून शिकलो मी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण काऊन केलं बाई असं? तुमी?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. अंदाज, पुरवणी, रैनाबाई, डोंगरी. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे थे तळटीप मी लावली थे तुमचंच व्हय. आपण दोघायनं मिळून गाव बाहेरचं केलं." आणि मग, "पयल्याच दिवशी काऊन नाई सांगलं?"

"लाज वाटली."

"अन् आता?"

"आता जास्त वाटते."

बंदी असलेल्या माणसाला स्वतःच्या चर्चापानावर तेवढं लिहिता येतं. तिथे मी लिहिलं की हे वाक्य माझं, संदर्भाशिवायचं, आणि पुरवणीतला परिच्छेद माझ्या लेखावरून उतरवलेला आहे, तारखा ताडून पाहाव्यात. देवगडेंनी ताडून पाहिलं आणि वाक्य काढलं. 'अनुस्वार'नं माझ्या कबुलीतही एक वेलांटी दुरुस्त केली. खाली मात्र पहिल्यांदाच स्वतःहून एक ओळ लिहिली होती : 'वाईट वाटले.' माझ्या वागण्याचं की माझं, ते तिनं लिहिलं नाही.

पण तालुक्याला दिलेला कागद ज्ञानकोशातून खोडला जात नव्हता. हरकत घेणाऱ्या गावासमोर जाऊन सांगायलाच हवं होतं. देवगडे म्हणाले, "मी येतो. तळटीप माही व्हय." ते बल्लारपूरहून सकाळी आले. मला वाटलं होतं कोणी काटकुळा, कडक माणूस असेल. हे चांगले गोल गरगरीत, हातात चिवड्याचा डबा. मूल गाव, गडचिरोली करत धानोऱ्यापर्यंत आम्ही गाडीत पश्चात्तापाबद्दल एक अक्षर बोललो नाही, फक्त चिवड्यात शेंगदाणे कमी आहेत का यावर बोललो.

हरकतीवर बोलायला दोन्ही गावं कोसमगुड्यातल्या मांडवात जमली होती. मी उभी राहून सांगितलं, मुद्देसूद, ओळीनं. सवय जात नाही. एका म्हाताऱ्या बाईनं शेजारणीला गोंडीत काहीतरी विचारलं, तिनं समजावलं, आणि म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

रैनाबाई हसल्या नाहीत. "म्हंजे थे तुमीच लिवलं?"

"हो."

"अन् मी तुमालेच फोन लावून काढून टाका मनत होती."

"हो."

"अन् तुमी मनलं कोणीतरी लिवलं असन."

"हो."

एवढ्या वेळा 'हो' मी वर्गातही कोणाकडून वदवून घेतलं नसेल.

मग जांभळटोल्याचे दसरूभाऊ उठले. ते तिथले वयानं मोठे. म्हणाले, "म्याडम, कोसमगुडा आमच्या पयलेचा हाय, हे का आमाले माहित नाई? शिवेच्या देवाले तांदळाची पयली मूठ थ्यायचीच रायते. आमच्या आज्यापासून. थ्यायची पडली का मंग आमची."

देवगडे म्हणाले, "मंग भाऊ, हरकत काऊन टाकली?"

"कागद भेटला ना," दसरूभाऊ अगदी सरळ म्हणाले. "छापलेला. पोट्टे मनले, चालवून पाहू."

"चालवून पाहू मनते!" रैनाबाई उसळल्या. "माही बहीण तुह्या घरी देली हाय, थे नाई दिसलं रे कागदावर?"

आता सगळा मांडव हसला, दसरूभाऊसुद्धा. हरकत मागे घ्यायचं ठरलं. मला क्षणभर वाटलं, सुटले. मी रैनाबाईंना विचारलं, "मग आता पान तोडता येईल ना?"

त्या मांडवाबाहेर गेल्या, कडेच्या झुडपाचं एक तेंदूपान तोडून आणलं आणि माझ्यासमोर दुमडलं. ते कटकन मोडलं. "जून झालं जी. कोवळं पायजे रायते. हे विडीवाला हातात नाई घेत. आता पुढच्या साली."

डोंगरी हिरवीगार दिसत होती. मी चर्चापानावर शब्द जुळवत बसले त्या दिवसांतच तिच्यावरचं पान जून झालं होतं.

मी म्हणाले, माझ्या नावानिशी लेखी माफी देते, कुठे द्यायची ते सांगा. रैनाबाई म्हणाल्या, "तुमचं नाव तं तिथी नोहतंच, बाई. आमच्या गावाचं होतं."

मी चहाचा कप हातात घेऊन, उशिरा का होईना, विचारलं, "गाव कधीचं आहे ते सांगाल का मला?"

"आता नोका विचारू," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "विचाराच्या टायमाले पाणी पेऊन निघून गेल्या."

परतताना गाडीत मला माझे वडील आठवले, तुमचे पणजोबा. ते कागदाच्या कारखान्यात काम करायचे. मला इंग्रजी शाळेत घालताना ते म्हणाले होते, "आपल्याबद्दल आजवर दुसऱ्यांनीच लिहिलं, आपल्याला न विचारता. तू शीक, म्हणजे ते बंद होईल." मी शिकले. आणि न विचारता लिहिणाऱ्यांत जाऊन बसले.

कोसमगुड्याचा लेख आता नीट आहे. 'इतिहास' या शीर्षकाखाली पांढरी जागा आहे. मी रोज एकदा तो लेख उघडून पाहते आणि काही न लिहिता बंद करते. पण ती पुरवणी तशीच आहे. दुरुस्ती छापा म्हणून दोनदा विनंती केली, उत्तर नाही. माझं वाक्य आणखी कुठे कुठे उतरवलं गेलं असेल, देव जाणे. देवगडे म्हणाले, "बाई, छापील खोट्याले छापीलच पायजे. तुमी कुठीतरी छापून आणा. मग संदर्भ होते." म्हणून हा लेख. कोसमगुडा बाहेरून आलेल्यांनी वसवलं हे वाक्य माझ्या मनातलं होतं. त्याला कसलाही आधार नव्हता. शेजारचं गाव स्वतःच त्याला आपल्या आधीचं मानतं, आणि हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. आता हे छापलेलं आहे.

निरंजना, राहिलं तुझं. बनावट म्हणजे खोटं, खऱ्याचं सोंग घेतलेलं. तुझं खातं तसं नव्हतं, मी त्याला तसं केलं. बंदी उठवण्याची विनंती मला तुझ्या वतीनं करता येत नाही. ज्याचं खातं त्यानंच ती करायची असते, हाही माझ्याच पानावरचा नियम. तू मराठीत दोन ओळी लिही, चुका झाल्या तर 'अनुस्वार' दुरुस्त करेल. ते कारण विचारतील. मग पुरावा काय, असंही विचारतील. तेव्हा या अंकाचं नाव आणि हे पान क्रमांकासहित दे. आजीबद्दल लिहायला संकोच करू नकोस. संदर्भ पक्का आहे.